बायकांची बाजू, पुरुषांची बाजू

आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात आणि पुरुष उजवीकडे. असं कुठे लिहिलेलं नाही. पवित्र शास्त्रात तर नाहीच, मी शोधून बसले आहे. पण परभणीच्या या दगडी चर्चमध्ये कुणा गोऱ्या मिशनरीने, किंवा त्याला टरकून असणाऱ्या कुणा पंचाने, कधीतरी बायकांना डावीकडे बसवलं आणि पुढे त्यांना उठवायचं कुणाला सुचलं नाही. लग्न लागताना नवरा-नवरी तेवढी शेजारी उभी राहतात. ते आटोपलं की पुढच्या रविवारपासून ती तिकडे आणि तो इकडे. माझं लग्न इथेच लागलं, त्यामुळे सगळ्या संसारात रविवारी सकाळी आमचे हे मला दिसत आले ते एकाच बाजूने: डावा कान, डावा गाल आणि तेलाने चोपून बसवलेले केस. उजव्या बाजूने ते प्रार्थनेच्या वेळी कसे दिसतात, ते पुरुषांनाच ठाऊक.

हे कृषी विद्यापीठाच्या फार्मवर ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॅक्टरने त्यांना पेन्शन दिली आणि बदल्यात कान घेतले. मुलाने पुण्याहून कानाचं मशीन पाठवलं, चांगलं महागाचं, पण ते शिट्टी मारतं म्हणून हे ते शर्टाच्या खिशात ठेवतात. खिशाला आता सगळं नीट ऐकू येत असेल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, म्हणजे माझा आवाज मुळातच शेवटच्या बाकापर्यंत पोचायला घडलेला. आमच्या घरात गुपित म्हणून काही राहत नाही, कारण यांना एखादी गोष्ट सांगितली की ती गल्लीलाही सांगून होते.

तर अशा आम्हा दोघांनी उतारवयात चर्च सोडायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं. यांना ते सांगितलं, आणि गल्लीलाही कळलं.

कारण माझं पित्ताशय. त्यात खडे झाले, ऑपरेशन झालं आणि मी घरी पडून होते. आमच्याकडे दर रविवारी आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना होते. मी जन्मभर त्या प्रार्थनांना आमेन म्हटलेलं आहे. लोकांच्या गुडघ्यांना, दम्याला, साखरेला, कुणाकुणाच्या तर नुसत्या स्वभावाला. आता आपली पाळी आली म्हणून मला जरा बरंच वाटत होतं. रविवारी दुपारी हे घरी आल्यावर विचारलं, "माझ्यासाठी प्रार्थना झाली का?"

"झाली की," हे म्हणाले. पण यांच्या सांगण्याचा काय भरवसा? म्हणून मी चर्चच्या महिला समाजातल्या मैत्रिणीला फोन लावला.

"झाली ना," ती म्हणाली. "लय भरून केली पाळकसाहेबांनी. आता डोळे कसे हायेत तुमचे?"

माझ्या डोळ्यांसाठी प्रार्थना झाली होती! कुणी काय सांगितलं, कुठे चुकलं, कळायला मार्ग नव्हता. माझ्या पोटाला टाके आणि सगळी मंडळी माझ्या मोतीबिंदूसाठी देवाला विनवत बसलेली. "देवाला खरं म्हाईत असतंय, त्यानं बरोबर जागी लावून घेतलं असंल," असं हे म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. मी मात्र धुसफुसत राहिले. फोन करून चूक दुरुस्त करता आली असती, पण मी म्हटलं, ज्यांना माझा अवयव ठाऊक नाही त्यांना मी कशाला सांगायला जाऊ? भेटायलाही कुणी आलं नाही. तेही बरोबरच होतं म्हणा, मोतीबिंदूच्या माणसाला भेटायला कोण येतं?

आली ती आमच्याच गल्लीतली एक बाई. ती विद्यापीठातल्या पोरांना डबे पुरवते. तिची मुलगी माझ्या वर्गात होती, तेवढीच आमची ओळख. ऑपरेशननंतर मी घरी आले त्या दुपारी ती पातळ वरण आणि मऊ भात घेऊन दारात उभी. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. तिच्याबरोबर कधी आणखी दोघी यायच्या; माझ्या पलंगाशी बसून डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि त्यांना पित्ताशय हा शब्द नीट येत होता. त्या जिंतूर रोडवरच्या नव्या मंडळीत जात. टायरच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेऊन ती मंडळी भरते. उठबस करता यायला लागल्यावर मी यांना म्हटलं, "एकदा त्यांच्याकडे जाऊन येऊ. वरण-भाताचे आभार तरी मानायला नकोत का?"

"जाऊ की," हे म्हणाले.

जिना चढून गेलो. वर सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, ड्रम आणि दोन बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. आमच्या चर्चमध्ये पेटीवर असं सावकाश गीत चालतं की एका कडव्यात मी संध्याकाळच्या भाजीचा विचार पुरा करते. इथे विचार करायला सवडच नव्हती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, हात वर करत होते, एक आजीबाई तर चक्क नाचत होत्या. पास्टर आमच्या मुलाहून लहान. तो धावत आला, "प्रेज द लॉर्ड, आंटी! प्रेज द लॉर्ड, अंकल!" म्हणाला. आम्ही सवयीने "सलाम" म्हटलं. आमच्यात जुनी माणसं सलामच करतात. त्याला वाटलं आम्ही जायलाच निघालो, म्हणून त्याने आमच्या खांद्यांना धरून आम्हाला खुर्च्यांवर बसवलं.

शेजारी शेजारी.

मला दोन मिनिटं अगदी अवघडल्यासारखं झालं. नव्या नवरीसारखं म्हणणार होते, पण त्या वयात मी बरी दिसत होते. यांच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि इस्त्रीचा वास येत होता, तो घरात रोज येतो, पण देवाच्या समोर तो मला पहिल्यांदा आला. मी पदर सारखा केला. यांनी पाय आखडून घेतले. मग ड्रम सुरू झाला आणि हे एकदम ताठ बसले, चेहरा उजळला. परतताना ऑटोत मी विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं हाय," हे म्हणाले. "ऐकू तरी येतंय."

झालं! मी म्हटलं, यांनाही आवडलं. मग आम्ही जायलाच लागलो. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार. दगडी चर्चची घंटा घरी ऐकू यायची, मी ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि हे खरोखरच ऐकायचे नाहीत.

खरं सांगायचं तर मला तिथे फार बरं वाटत होतं. कुणी गैरहजर राहिलं तर दुपारी फोन जायचा. पोरीबाळी येऊन गळ्यात पडायच्या. आमच्याकडे उपासनेनंतर बाहेर निंबाखाली जे बोलणं चालतं ते कमिटीच्या निवडणुकीचं, नाहीतर कुणाच्या मुलीचं अजून का जमत नाही याचं. इथे तसलं काही नव्हतं, निदान माझ्या कानावर तरी आलं नव्हतं. फक्त साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा माझी पंचाईत झाली. तिथे दर रविवारी दोघं-तिघं पुढे येऊन देवाने आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सांगतात. एकजण दारूतून आलेला, एकजण जुगारातून, एकीच्या अंगात यायचं. मी माइक हातात घेऊन उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की माझ्यापाशी काहीच नाही. "मी ख्रिस्ती घरात जन्मले," मी सांगितलं. "दर रविवारी चर्चला जात होते. तसं बरंच चाललं होतं."

हॉल शांत. एकही हालेलूया नाही. अशी शांतता मी फक्त शाळा तपासणीच्या दिवशी अनुभवली होती. पास्टर बिचारा कडेने हळूच म्हणाला, "आंटी, ऑपरेशन?" मग मी ऑपरेशन सांगितलं, खडे केवढे होते ते बोटाने दाखवलं, वरण-भाताचं सांगितलं, आणि हॉल दणाणला. हेही टाळ्या वाजवत होते. यांना माझा खडा ठाऊक होता, टाळ्या कशासाठी ते मात्र ठाऊक नव्हतं.

असेच काही रविवार गेले आणि एक दिवस पास्टर घरी आला. चहा घेतला, गोड बोलला, आणि मग मुद्द्यावर आला. नुसतं येऊन बसणं निराळं आणि मंडळीचं सभासद होणं निराळं. सभासद व्हायचं तर बाप्तिस्मा घ्यायला हवा, पाण्यात पूर्ण बुडून. मी म्हटलं, आमचा झालेला आहे. तो म्हणाला, "लहानपणीचा ना, आंटी? थेंब टाकलेले. तो तुमच्या आईबाबांचा निर्णय होता. तुमचा कुठं होता?" त्याचं म्हणणं त्याच्या परीने खरं होतं आणि त्याने ते कुणाला न दुखवता सांगितलं. देवगाव फाट्याच्या पुढे मंडळीतल्या एका भावाचं शेत आहे, तिथल्या शेततळ्यात बाप्तिस्मे होतात. मग पास्टर जुन्या चर्चला चिठ्ठी पाठवतो आणि तिथलं नाव कमी होतं. दोन आठवड्यांनी एक रविवार ठरला होता. आम्ही दोघं घेणार का, एवढं त्याला हवं होतं.

म्हणजे आता चिठ्ठीचा प्रश्न आला. इतके दिवस मी रुसून शेजारी जेवायला गेलेल्या पोरासारखी होते. पोट भरत होतं आणि आपलं घरही तिथेच होतं. आता घराचं दार लावून जायचं होतं. तो गेल्यावर मी यांना जवळ बसवून सगळं समजावलं. यांनी मशीन कानात घातलं होतं, म्हणजे विषय गंभीर आहे हे त्यांना कळलं होतं.

"पयला धरत न्हाईत का ते?" यांनी विचारलं.

"नाही धरत."

हे पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मग आई मला कशाला घेऊन गेली व्हती?"

यांच्या आईचं मी सासरी आल्यापासून ऐकलेलं आहे. चारठाण्याकडच्या एका खेड्यात त्या राहायच्या. घराण्यात प्रभूचं नाव घेणाऱ्या त्या पहिल्याच. तान्ह्या पोराला घेऊन, काही बैलगाडीने, काही पायी, त्या परभणीला आल्या आणि आमच्या चर्चमधल्या त्या दगडी पात्रापुढे पोराला धरून उभ्या राहिल्या. पाळकांनी पाणी टाकलं तेव्हा पोर हसलं, असं त्या म्हातारपणीही सांगायच्या आणि आम्हा सुनांना ते दर नाताळला नव्याने ऐकावं लागायचं. ते पोर आता माझ्यासमोर बसून विचारत होतं, मग आई मला कशाला घेऊन गेली होती. मी म्हटलं, "त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. आता आपण आपलं बघायचं."

"बरं," हे म्हणाले. "घेऊ." आणि मशीन काढून खिशात ठेवलं.

मला ते 'बरं' पुरेसं वाटलं. बाजारात वांगी घेऊ का, यालाही यांचं 'बरं'च असतं. दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून बाजारात जाऊन नवा टॉवेल घेऊन आले. एका पिशवीत टॉवेल, बनियन, पायजमा आणि मशीन भिजू नये म्हणून रबर लावलेली प्लास्टिकची छोटी थैली, अशी तयारी करून पिशवी दाराशी टांगली. यांना पोहता येत नाही. पाण्याला हे इतके भितात की लग्नानंतर गंगाखेडला गोदावरीकाठी गेलो तेव्हा घाटावर लांबच उभे राहून मला पाय धुवायला सांगत होते. शेततळ्यात तर प्लास्टिक अंथरलेलं. मागच्या खेपेला एक ब्रदर बाप्तिस्मा घेऊन वर येताना घसरला आणि पुन्हा आत गेला. त्याचे दोन झाले, असं मंडळीतली पोरं सांगत. ते मी यांना हसत हसत सांगितलं. हेही हसले. मी किती आंधळी झाले होते! डोळ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेचा मला अजून गुण यायचा होता.

बाप्तिस्म्याच्या आधीचा रविवार आला. गीतं झाली, साक्षी झाल्या. मग पास्टर म्हणाला, "आता सगळ्यांनी मोठ्यानं आपापली प्रार्थना करा." तिथली ही रीत मला पहिल्यापासून गंमतीची वाटायची. सगळे एकाच वेळी आपापलं बोलतात, कीबोर्ड मागे वाजत राहतो, आणि कुणाचं कुणाला कळत नाही. आमच्या चर्चमध्ये प्रार्थना पाळकसाहेब करतात, आपण आमेन म्हणायचं. फार तर शेवटी थोडा वेळ मूक प्रार्थना, आणि त्यातही कुणी खोकलं तर सगळे वळून बघतात. एवढे दिवस हे त्या गलक्यात नुसते ओठ हलवत बसायचे. त्या दिवशी मी डोळे मिटून माझी प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

मशीन खिशात होतं. यांना वाटत होतं, आपण मनातल्या मनातच बोलतो आहोत.

"देवा, पुढच्या रविवारी पाणी हाय. मी जाईन. बुडू देऊ नको. हिला हितं बरं वाटायलंय. मला न्हाई वाटायलं. आपल्या चर्चात आई हाय असं वाटतंय मला, हितं तसं न्हाई वाटत. पण ही आजारपणात लय झिजलीय, आपल्या लोकांनी हिला इचारलं न्हाई. हिला हितंच राहू दे. मला बी हितं बरं वाटू दे. आन् हिला सांगू नको."

मी डोळे उघडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी प्रार्थना करणाऱ्या माझ्या नवऱ्याला इतक्या जवळून बघत होते. डोळे घट्ट मिटलेले, पोरं गोळी गिळताना मिटतात तसे. हात गुडघ्यांवर. इतकी वर्षं दर रविवारी हे पलीकडच्या बाजूला बसून असंच काहीतरी बोलत आले असतील, आणि मधल्या वाटेअलीकडे मी भाजीचा विचार करत असेन. मला रडू फुटलं. तिथे रडायला काही अडचण नसते. लगेच एका सिस्टरने माझ्या डोक्यावर हात ठेवला, दुसरीने पाठीवर, आणि त्या मोठमोठ्याने देवाचे आभार मानायला लागल्या की त्याने आंटीला स्पर्श केला. खोटं काय होतं त्यात? केलाच होता.

घरी आले तर दाराशी ती पिशवी. तो आठवडाभर मी तिच्याकडे बघायचं टाळलं. यांना विचारावं तर कसं? तुमची प्रार्थना मी ऐकली, असं म्हटलं की संपलंच, यांनी देवाशी बोलणंही बंद केलं असतं. तशी देवाने यांची विनंती पाळलीच होती, त्याने मला काही सांगितलं नव्हतं. माझा जीव मात्र दोन्हीकडे ओढत होता. त्या हॉलमध्ये मी आजारातून माणसात आले होते. तिथलं वरण खाऊन आता पाठ फिरवायची, हे मला कृतघ्नपणाचं वाटत होतं. शेवटी मी पदर खोचून त्या डबेवाल्या बाईकडेच गेले. ती पोळ्या लाटत होती. मी पाटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं, यांच्या प्रार्थनेसकट.

तिने लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "एवढंच ना, बाई? मग जावा की आपल्या चर्चात."

"अगं, पण तुम्ही सगळ्यांनी माझं एवढं केलं. तुझा वरण-भात..."

"वरण-भात काय मंडळीचा व्हता?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "माझा व्हता. तुमी माझ्या पोरीला शाळंत जवळ बसवून जेवू घालायचात, मला ठावं न्हाई का? मी कोण्या बी चर्चात असते तरी आणला असता. आन् तुमी दुसरीकडं गेलात म्हणून आता आजारी पडायचं सोडणार हाव का?" मग तिने एक पोळी गुंडाळून माझ्या हातात दिली, तूप लावून. पित्ताशय नसलेल्या माणसाला तूप चालत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण त्या वेळी आम्ही दोघींनी त्याकडे लक्ष दिलं नाही. पास्टरला ती स्वतः सांगणार म्हणाली. पास्टरने नंतर फोन केला, थोडा हिरमुसला होता, पण म्हणाला, "आंटी, पित्ताचा त्रास झाला तर कळवा." पोरगा गुणी आहे.

संध्याकाळी चहा घेताना मी यांच्यापुढे बसून, मशीन घालायची खूण करून, सांगितलं, "मला तिथे जमेना. तो ड्रम डोक्यात बसतो. आपलं आपलं चर्च बरं."

यांनी कप खाली ठेवला. "मला तर चालतंय तिथं. तुला बरं वाटायलंय ना?"

"नाही वाटत."

"खरं?"

"डोकं दुखतं हो माझं!" मी ओरडले. गल्लीला कळलं.

हे उठले, दाराशी गेले, पिशवीतून बनियन आणि पायजमा काढून कपाटात ठेवले. मग टॉवेल हातात घेऊन मला म्हणाले, "मग ह्यो आंघोळीला काढू का? नवा हाय." मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांना निमित्त झालं.

पुढच्या रविवारी आम्ही दगडी चर्चला गेलो. मनात धाकधूक होती. इतके रविवार न आल्याबद्दल कोण काय बोलेल, कुणी चौकशी समिती नेमली असेल का, आमच्या मंडळीचं काही सांगता येत नाही. निंबाखाली सेक्रेटरी उभे होते. ते लगबगीने पुढे आले, "सलाम, बाई! आलात का? डोळे कसे हायेत?" मागून पाळकसाहेब आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "लय दिवस लागले की हो. आमी दर रविवारी तुमचं नाव घ्यायलोय. आता दिसतंय का नीट?"

दर रविवारी. मी टायरच्या दुकानावर टाळ्या वाजवत असताना हे लोक प्रत्येक रविवारी माझं नाव घेऊन माझ्या डोळ्यांसाठी देवाला विनवत होते. आम्ही चर्च सोडल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मी सोडून गेले ते माझ्याच घरात, माझ्याच डोक्यात. काय म्हणायचं अशा माणसांना? भेटायला येणार नाहीत, अवयव चुकवतील, पण नाव काही सोडणार नाहीत. माझा राग कुठल्या कुठे गेला. थोडा ठेवला आहे, कमिटीच्या निवडणुकीला लागेल म्हणून.

"आता स्वच्छ दिसतंय, पाळकसाहेब," मी म्हटलं.

घंटा झाली. माझी जुनी जागा डावीकडे मोकळीच होती, मैत्रिणीने तिथे गीतांचं पुस्तकही ठेवलं होतं. हे उजवीकडे वळले. मी दोन पावलं डावीकडे टाकली आणि थांबले. पलीकडे डावा कान, डावा गाल, चोपून बसवलेले केस. मग म्हटलं, आता नाही, आणि मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेले आणि यांच्या पुढून सरकून यांच्या शेजारी, उजव्या हाताला बसले.

चर्चमध्ये जे झालं त्याला गोंधळ म्हणता येणार नाही, आमच्यात गोंधळ होत नाही. पण पेटीवाल्याचा सूर एकदा चुकला. मैत्रीण पुस्तक उचलून मला खुणा करायला लागली, मला वाटतं तिला माझ्या डोळ्यांचीच शंका आली असावी. मागच्या बाकावरच्या मिशीवाल्या पंचांनी घसा खाकरला. मी वळून यांच्या कानाकडे बोट दाखवलं आणि माझ्या नेहमीच्या आवाजात कुजबुजले, "यांना ऐकू येत नाही, सांगायला बसलेय." ते सगळ्या चर्चला कळलं. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि उपासना सुरू केली. हे समोरच बघत होते, पण कानाची पाळी लाल झाली होती. या वेळी उजवी, ती मी या चर्चमध्ये आजवर पाहिली नव्हती.

शेवटी मूक प्रार्थना आली. सगळं चर्च गप्प. पंख्याचा तेवढा आवाज. मशीन खिशात. यांनी डोळे घट्ट मिटले आणि हलक्या आवाजात, म्हणजे पुढच्या बाकावरच्या गृहस्थांची मान हलेल एवढ्या आवाजात, बोलले.

"देवा, ही इकडं येऊन बसलीय. समदे बघायलेत." थोडं थांबले. "बघू दे."

पाळकसाहेबांची वाट न बघता मीच आमेन म्हणून टाकलं.